बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तर ब्रॉन्कोस्कोपी करावी का?

प्रश्नकर्त्यांनी दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. वडिलांचे वय ६१, बऱ्याच वर्षांचा मधुमेह, पूर्वी विडीची सवय. दीड महिन्यापासून खोकला आहे, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि वजन उतरले आहे. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात डाग दिसला. सीटी स्कॅनच्या अहवालात त्याच जागी घट्टपणा आणि आजूबाजूला बारीक ठिपके असल्याचे लिहून ‘क्षयरोगाची शक्यता’ असा शेरा दिला आहे. बेडक्याची तपासणी दोनदा निगेटिव्ह आली, सीबी-नाटही (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी यंत्रावरची तपासणी) निगेटिव्ह आले. छातीच्या डॉक्टरांनी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनळ्यांत दुर्बिणीची बारीक नळी घालून तपासणी, सुचवली आहे. घरच्या जुन्या डॉक्टरांचे म्हणणे असे की या वयात दुर्बीण घालण्यापेक्षा सरळ टीबीची औषधे सुरू करावीत. यापैकी कोणाचे ऐकावे, हा प्रश्न आहे.

दोन्ही डॉक्टरांच्या म्हणण्याला आधार आहे, आणि मी रुग्णाला तपासलेले नाही किंवा सीटीच्या फिल्म पाहिलेल्या नाहीत, हे आधी सांगतो. खरी अडचण अशी आहे की डाग ज्या जागी आहे त्या जागेचा नमुना अजून कोणाच्या हाती आलेला नाही. आतापर्यंत जे तपासले गेले ते तोंडातून बाहेर पडलेले, आणि ते त्या डागापासूनच आले होते याची खात्री नाही. त्यामुळे तीन गोष्टी पाहाव्या लागतात: दुर्बिणीशिवाय चांगला नमुना मिळू शकतो का, क्षयाखेरीज दुसरे काही असण्याची शक्यता किती, आणि दुर्बीण घातलीच तर मिळालेल्या नमुन्याचे पुढे काय केले जाणार. तिसऱ्या गोष्टीकडे लोकांचे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि माझ्या मते ब्रॉन्कोस्कोपीचे यशापयश बव्हंशी तिथेच ठरते.

पहिली गोष्ट बेडक्याची. दोन तपासण्या निगेटिव्ह आल्या म्हणजे दोन बाटल्या निगेटिव्ह आल्या. त्या बाटल्यांत काय होते हे विचारायला हवे. ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात डबी दिली आणि “यात थुंका” असे सांगितले, की तो खरोखरच थुंकतो, आणि प्रयोगशाळेत लाळ पोचते. सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचा जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबी-नाट याहून पुष्कळ कमी जंतू पकडते, आणि त्याची नवी ‘अल्ट्रा’ आवृत्ती त्याहूनही कमी. परंतु लाळेत जंतूच नसतील तर कोणतेही यंत्र ते निर्माण करू शकत नाही. म्हणून मी रुग्णाला सांगतो ते असे: सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चूळ भरावी, मोकळ्या हवेत बसून तीन-चार वेळा खोल श्वास घ्यावा, शेवटचा श्वास क्षणभर रोखावा आणि मग छातीच्या तळातून खोकावे. जे दाट, पिवळसर किंवा पांढरट बाहेर येईल ते डबीत घ्यावे; चमचाभर मिळाले तरी पुरेसे असते.

असा बेडका पडतच नसेल, आणि मधुमेही वयस्कांत पुष्कळदा कोरडाच खोकला असतो, तर आधी श्वासनळ्या रुंदावणारे औषध देऊन नेब्युलायझरवर तीन टक्क्यांच्या मिठाच्या पाण्याची वाफ देता येते. त्याने खोकला सुटतो आणि खालचा स्राव वर येतो. ज्यांचा बेडका निगेटिव्ह आहे अशा रुग्णांत या पद्धतीची ब्रॉन्कोस्कोपीशी तुलना झालेली आहे, आणि वाफेचे नमुने दोन-तीनदा घेतल्यास क्षयाचे जंतू सापडण्याच्या बाबतीत ते दुर्बिणीच्या बरोबरीने, काही ठिकाणी तर सरस ठरले आहेत. खर्च नाममात्र, भूल नाही, सुई नाही. ही सोय खूप ठिकाणी उपलब्ध असूनही कोणी सुचवत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. मात्र वाफ हवेशीर, स्वतंत्र जागीच द्यावी. वॉर्डाच्या मधोमध दिली तर शेजारच्या खाटांवरच्यांना धोका.

मग वाफेवर काम भागत असेल तर दुर्बीण कशाला? येथे परिस्थिती महत्त्वाची ठरते. समजा हाच प्रश्न पंचविशीतल्या तरुणाबद्दल असता, डाग फुप्फुसाच्या वरच्या भागात असता, त्यात पोकळी असती आणि घरात वर्षभरापूर्वी कोणाला क्षय झालेला असता, तर मी वाफेचे नमुने घेतले असते आणि तेही निगेटिव्ह आले तरी बहुधा क्षयाचेच उपचार सुरू केले असते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमातही जंतू न सापडता लक्षणे आणि एक्स-रे यांवरून निदान करण्याला जागा ठेवलेली आहे. तुमच्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे. डाग खालच्या भागात आहे. मधुमेह्यांत क्षय खालच्या भागात दिसणे नवलाचे नाही, परंतु त्याच भागात न्यूमोनिया, बुरशीचा संसर्ग आणि विडी ओढणाऱ्यांत कर्करोगही दिसतो. ‘ट्री-इन-बड’ म्हणून सीटीच्या अहवालात लिहिले जाणारे बारीक ठिपके लहान श्वासनळ्यांत काहीतरी साचल्याचे सांगतात; ते क्षयाचे असू शकते, इतर संसर्गाचेही असू शकते. म्हणजे प्रश्न ‘क्षय आहे का’ एवढाच नसून ‘क्षय नसेल तर काय’ हाही आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वाफेच्या बेडक्यातून क्वचितच मिळते.

“औषधे सुरू करून पाहू, गुण आला तर क्षय” हा विचार वरवर सोपा वाटतो. परंतु हा उपचार किमान सहा महिन्यांचा आहे. पहिले दोन महिने चार आणि पुढे चार महिने तीन औषधे. त्यांतील तीन औषधे यकृतावर ताण देऊ शकतात, आणि रिफाम्पिसिन या त्यांतल्या मुख्य औषधामुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होऊन साखर वर जाते. त्याहून मोठी अडचण अशी की हाती जंतू नसेल तर तो रिफाम्पिसिनला दाद देतो की नाही हे कळत नाही. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईच्या आसपास, औषधांना न जुमानणारा क्षय दुर्मीळ नाही. आणि डाग कर्करोगाचा असेल, तर दोन महिने वाट पाहिल्याची किंमत कोण मोजणार, हा विचार घरच्यांनीही करायला हवा.

तेव्हा दिलेल्या माहितीवरून माझे मत असे: वाफेचे नमुने आधी घ्यावेत, त्याला दोन-तीन दिवसच लागतात. तेही निगेटिव्ह आले तर या वयात, या जागी असलेल्या डागासाठी ब्रॉन्कोस्कोपीचा सल्ला योग्य आहे. उलट वाफेच्या नमुन्यात जंतू सापडले, तर निव्वळ क्षयाच्या निदानासाठी दुर्बीण घालण्याचे कारण उरत नाही; तेव्हा ती घालणे म्हणजे खोलीतल्या सर्वांच्या तोंडावर जंतूंचा फवारा उडवून घेणे होय.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी, कारण भीती बरीचशी तिच्याच नावाची असते. लवचीक दुर्बीण जपानी डॉक्टर शिगेतो इकेदा यांनी १९६०च्या दशकात प्रचारात आणली. त्याआधी धातूची सरळ नळी वापरावी लागे. आजची नळी साधारण करंगळीपेक्षा बारीक असते. नाक आणि घसा झायलोकेनने बधिर करतात, बहुतेक ठिकाणी शिरेतून गुंगीचे औषध देतात, नाकाला प्राणवायू लावतात, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. नळी स्वरयंत्रातून पुढे जाताना जोराचा खोकला येतो आणि क्षणभर गुदमरल्यासारखे वाटते. हे रुग्णाला आधी सांगून ठेवले तर तो पुष्कळ शांत राहतो. एकूण काम पंधरा मिनिटे ते अर्धा तास.

बाहेर थांबलेले नातेवाईक हमखास विचारतात, “टीबी दिसला का?” बहुतेक वेळा दिसत नाही. रोग फुप्फुसाच्या ज्या भागात असतो तिथपर्यंत नळी पोचत नाही. श्वासनळ्यांना थोडी लाली, थोडा घट्ट स्राव, एवढेच दिसते. अपवाद श्वासनळीच्या आतल्याच क्षयाचा: तिथे अस्तरावर पनीरासारखा पांढरा थर, व्रण किंवा चक्क गाठ दिसते, आणि ती गाठ इतकी हुबेहूब कर्करोगासारखी असू शकते की तुकडा काढून पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये. या प्रकारात जंतू मेल्यावरही नळी आक्रसून अरुंद होऊ शकते, म्हणून त्याचे निदान वेळेवर होणे मोलाचे. बाकी रुग्णांत दुर्बिणीचे काम बघण्यापेक्षा नमुना आणण्याचे असते.

तो नमुना कसा आणतात हे थोडे सविस्तर सांगतो. सीटी पाहून फुप्फुसाची नेमकी कोणती शाखा त्या डागाकडे जाते हे आधीच ठरवावे लागते. नळीचे टोक त्या शाखेच्या तोंडात घट्ट बसवायचे, वीस ते पन्नास मिलिलिटरच्या हप्त्यांनी एकूण शंभर-दीडशे मिलिलिटर निर्जंतुक सलाईन सोडायचे आणि हलक्या ओढीने परत घ्यायचे. सोडलेल्यापैकी अर्धेही परत येईल असे नसते, विशेषतः ज्यांच्या श्वासनळ्या विडी-सिगारेटने सैलावल्या आहेत त्यांच्यात. ओढ जोराची दिली तर नळी मिटते आणि काहीच येत नाही. या ‘वॉश’नंतर गरजेप्रमाणे ब्रश फिरवतात किंवा बारीक चिमट्याने तुकडे घेतात. मी वॉश नेहमी तुकड्यांच्या आधी घेतो, म्हणजे त्यात रक्त मिसळत नाही, आणि त्या शाखेत झायलोकेन जरुरीपुरतेच सोडतो, कारण ते जास्त झाल्यास कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतूंची वाढ रोखू शकते असे प्रयोगांत दिसले आहे.

यानंतरचा टप्पा ट्रॉलीवरच्या बाटल्यांचा, आणि माझा सर्वांत जास्त आग्रह इथे असतो. पॅथॉलॉजीकडे जाणारा तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवतात, कारण पेशींची रचना टिकते. पण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतो, त्यामुळे त्या बाटलीतून कल्चर कधीच होणार नाही. क्षयाच्या तपासणीसाठीचा तुकडा आणि वॉश निर्जंतुक बाटलीत, तुकडा थोड्या साध्या सलाईनमध्ये, असाच जायला हवा. घाईत सर्व तुकडे एकाच फॉर्मालिनच्या बाटलीत पडतात, आठवड्याने अहवालात ‘क्षयाशी सुसंगत’ असे येते, आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे कळण्याची एकमेव संधी गेलेली असते. तुम्ही डॉक्टर नसलात तरी तपासणीपूर्वी एवढे नम्रपणे विचारू शकता: “कल्चरचा नमुना वेगळ्या बाटलीत जाणार ना?” कोणताही समंजस डॉक्टर या प्रश्नाने दुखावणार नाही.

तुमच्या वडिलांच्या वॉशवर मी पुढील तपासण्या लिहिल्या असत्या: क्षयाच्या जंतूंसाठी स्मिअर (नमुना काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे), सीबी-नाट आणि द्रवमाध्यमातले कल्चर, नेहमीच्या जंतूंचे कल्चर, मधुमेह असल्यामुळे बुरशीची तपासणी, आणि कर्करोगाच्या पेशींसाठी सायटॉलॉजी. फक्त ‘वॉश – एएफबी’, म्हणजे क्षयाच्या जंतूंचा स्मिअर, एवढेच लिहून पाठवायचे असेल तर दुर्बीण घालण्याचा निम्मा उपयोग वाया गेला असे समजावे. सीबी-नाटची सोय सरकारी क्षयरोग केंद्रांत मोफत आहे, आणि खासगी डॉक्टरही नमुना तिकडे पाठवू शकतात. तालुक्याच्या ठिकाणी ट्रूनॅट यंत्र असते. गोव्यातील कंपनीने बनवलेले हे यंत्र बॅटरीवरही चालते आणि क्षयासोबत रिफाम्पिसिनला विरोध आहे का हेही सांगते.

अहवाल हाती आल्यावर तो वाचण्यातही खाचखळगे आहेत. सीबी-नाट पॉझिटिव्ह आणि रिफाम्पिसिनला विरोध नाही, असे आले तर बहुतेक प्रश्न सुटतो. परंतु ही तपासणी जंतूचा जनुकीय अंश शोधते; तो जिवंत आहे की मेलेला, हे तिला कळत नाही. म्हणून वडिलांना काही वर्षांपूर्वी क्षय होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण अशा माणसात अल्ट्रा तपासणीवर ‘ट्रेस’, म्हणजे जंतूचा अगदी नाममात्र अंश, असे आले तर मी केवळ त्यावर विसंबून उपचार सुरू करत नाही. केवळ स्मिअर पॉझिटिव्ह आणि सीबी-नाट निगेटिव्ह असेल तर क्षयाच्या जंतूचे पाण्यात-मातीत राहणारे भाईबंद आठवावे लागतात. ते दुर्बीण धुण्याच्या नळाच्या पाण्यातूनही नमुन्यात येऊ शकतात. दुर्बीण नीट साफ झाली नाही तर आधीच्या रुग्णाचे जंतू पुढच्याच्या अहवालात उमटल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. त्यामुळे लक्षणांशी अजिबात न जुळणारा पॉझिटिव्ह अहवाल आला तर त्या दिवशी आधी कोणाची तपासणी झाली होती हे पाहण्याची पद्धत आहे.

निगेटिव्ह अहवालाचा अर्थ लावणे अधिक अवघड. सलाईनमुळे नमुना पातळ होतो, त्यामुळे वॉशमध्ये जंतू न सापडणे म्हणजे क्षय नाही असे म्हणता येत नाही. द्रवमाध्यमातल्या कल्चरचा अंतिम निगेटिव्ह निकाल यायला सहा आठवडे लागतात, घनमाध्यमात आठ. मधल्या काळात काय करायचे हे तपासणीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवावे. माझी रीत अशी की तुकड्यात पनीरासारखा मृत भाग असलेले ग्रॅन्युलोमा (पेशींच्या सूक्ष्म गाठी) दिसले तर कल्चरची वाट न पाहता उपचार सुरू करतो. काहीच हाती लागले नाही आणि रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर साध्या न्यूमोनियाचे औषध देऊन काही आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढतो. आणि डाग वाढत असेल तर सीटीच्या मार्गदर्शनाखाली बाहेरून सुई घालून तुकडा घेतो. डाग छातीच्या भिंतीला अगदी लागून असेल आणि त्याच्यात जाणारी श्वासनळी सीटीवर दिसत नसेल, तर मी दुर्बिणीऐवजी आधीच सुईचा पर्याय निवडतो. श्वासनलिकेजवळच्या ग्रंथी सुजलेल्या असतील तर सोनोग्राफी जोडलेल्या दुर्बिणीने त्यांतून सुईने नमुना घेता येतो, ती सोय मोठ्या शहरांत आहे. वडिलांच्या बाबतीत यातले काय लागू पडते ते फिल्म पाहणारेच सांगू शकतील.

एक सूचना मधल्या काळासाठी. खोकल्यासाठी कोणी लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिहून दिले असेल तर छातीच्या डॉक्टरांना तसे सांगा. ही औषधे क्षयाच्या जंतूलाही अर्धवट दाबतात, रुग्णाला चार दिवस बरे वाटते आणि नेमका त्याच काळात घेतलेला नमुना निगेटिव्ह येतो. तसेच ‘टीबी गोल्ड’ ही रक्ताची किंवा मांटू ही त्वचेवरची चाचणी करून हा प्रश्न सुटणार नाही. त्या तपासण्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती एवढेच सांगतात, आणि आपल्याकडच्या असंख्य निरोगी प्रौढांची ती पडलेली असते. रक्तातील प्रतिपिंडांवरून क्षय सांगणाऱ्या चाचण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

धोक्यांविषयी: नुसता वॉश घ्यायचा असेल तर धोका फार कमी. त्या रात्री ताप येऊ शकतो, तो पॅरासिटामॉलने उतरतो आणि बहुधा दुसऱ्या दिवशी नसतो. तुकडे घेतल्यास बेडक्यात एक-दोन दिवस रक्ताची छटा दिसू शकते, आणि फुप्फुसाच्या आतून तुकडा घेतलेल्या शंभरांपैकी काही थोड्या रुग्णांत फुप्फुसाभोवती हवा साचते. म्हणून नंतर एक्स-रे काढतात. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेला असेल, प्राणवायूची पातळी आधीच खालावलेली असेल किंवा प्लेटलेट खूप कमी असतील, तर तपासणी पुढे ढकलतात किंवा तुकडे घेणे टाळतात. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तुकडे घेण्यापूर्वी ती पाच ते सात दिवस बंद ठेवावी लागते, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घ्यायचे का, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवावे, आणि शक्यतो सकाळची वेळ मागून घ्यावी. मात्र क्षयाचा दाट संशय असलेल्या रुग्णाला यादीत शेवटी ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते, ती इतरांच्या सुरक्षेसाठी. तसे असेल तर साखर उतरू नये म्हणून सलाईनची सोय करून घ्यावी. घसा बधिर असेपर्यंत, म्हणजे दोन तास तरी, पाण्याचा घोटही देऊ नये.

शेवटची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. दुर्बीण आणि सलाईन यांमुळे आतला स्राव हलतो आणि ज्यांना महिनाभर बेडका पडला नव्हता त्यांना त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चांगला दाट बेडका पडतो. वॉश निगेटिव्ह असताना या बेडक्यात जंतू सापडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. तेव्हा रुग्णालयातून निघताना दोन रिकाम्या निर्जंतुक डब्या मागून घ्या, त्यांवर नाव, तारीख आणि ‘ब्रॉन्कोस्कोपीनंतरचा नमुना’ असे लिहा, डबी घट्ट बंद करून फ्रिजमध्ये खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच प्रयोगशाळेत पोचवा.